गिअरबॉक्स जोडण्याआधी

नागपूर, मे महिना

चि. बाळ हिस,
अनेक आशीर्वाद.

तू सुटीवर येशील तेव्हा मी अमरावतीला असेन. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, जावंच लागेल. पण माझ्यासाठी तू बनवतेस त्या गाडीची खोटी नको. मारुती ओम्नीचं इंजिन आणि गिअरबॉक्स शेडमध्ये जमिनीवरच ठेवलेत. दोन्ही तू जोडून घे. चेसिसमध्ये मात्र मी आल्यावर चेन पुलीनं उतरवू. ऊन मरणाचं तापून राहिलंय, काम सकाळीच कर. दुपारी टिनाखाली पानासुद्धा हातात धरवत नाही.

माझी उभी नोकरी हिंगण्याच्या एसटी कार्यशाळेत क्लच-गिअरबॉक्सवर गेली. बसचा क्लच असो की तुझ्या ७९६ सीसी इंजिनाचा, गिअरबॉक्स एकदा बसला की आतलं काही दिसत नाही. म्हणून जे झाकलं जाणार, तिथे घाई करायची नाही.

क्रँकचं मागचं ऑइल सील नवीन आणलंय. जुनं कोरडं दिसलं तरी बदलच. ते गळलं तर नवी क्लच प्लेट तेलात भिजते आणि सगळं पुन्हा उघडावं लागतं. हाऊसिंगमधली काळी धूळ तोंडानं किंवा हवेनं उडवू नको, ओल्या फडक्यानं पूस. जुन्या प्लेटांच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, ते छातीत जाणं वाईट. फ्लायव्हील, म्हणजे प्लेट ज्यावर दाबली जाते ते इंजिनाचं जड चाक, लेथवर फेसिंग करून आणलंय. ब्रेक क्लीनरनं पुसल्यावर त्याला बोटही लावू नको.

क्लच प्लेटचा स्प्रिंगांचा फुगीर भाग प्रेशर प्लेटकडे, म्हणजे तिला फ्लायव्हीलवर दाबणाऱ्या झाकणाकडे येतो. उलटी बसली तर क्लच सुटणारच नाही. टेबलावर जुन्या गिअरबॉक्सचा शाफ्ट आहे, तो प्लेटमधून थेट क्रँकच्या टोकाच्या पायलट बेअरिंगपर्यंत घाल आणि तिथेच राहू दे. मग प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, अर्धा-अर्धा फेरा देत आवळ, शेवटी टॉर्क पाना. आता शाफ्ट काढून परत घालून बघ. न अडता आत-बाहेर झाला, म्हणजे प्लेट मधोमध आहे. स्प्लाइनवर, म्हणजे शाफ्टच्या दात्यांवर, ग्रीस अगदी पुसटसं लाव. जास्त झालं तर फिरताना उडून अस्तरावर जातं.

गिअरबॉक्स चढवताना शेजारच्या दादाला बोलाव, एकटी उचलू नकोस. त्याचं वजन क्षणभरही शाफ्टवर लोंबकळलं तर प्लेटचा हब वाकतो. शेवटचं बोटभर अंतर राहतं, तिथे सगळे बोल्टनं ओढायला जातात. ते करायचं नाही. गिअर टाकून मागचं टोक जरा फिरव, दाते जुळले की हाऊसिंग हातानंच टेकतं. नाही टेकलं, तर काढून का अडलं ते बघ. टेकल्यावरच बोल्ट.

गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत जाणारा प्रोपेलर शाफ्ट कापायला आत्ताच देऊ नको. तुझा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) वेगळा, म्हणून शाफ्ट लहान करावा लागेलच, पण माप घ्यायचं ते इंजिन आणि अ‍ॅक्सल जागेवर बसून गाडीचं वजन चाकांवर आल्यावर. योकला, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या दुबेळक्याला, आत-बाहेर सरकायला जागा हवी. दोन योक कोनात जोडणाऱ्या क्रॉसचा हिशोब तुला नक्की आवडेल, बेटा. १० अंशांच्या कोनात एक टोक एकसारखं फिरलं, तरी दुसरं प्रत्येक फेऱ्यात दोनदा सुमारे दीड टक्का जलद आणि दोनदा तितकंच हळू फिरतं. दोन्ही बाजूंचे योक एका रेषेत आणि दोन्ही कोन सारखे असले, की पहिल्या क्रॉसची चूक दुसरा भरून काढतो. वेल्डिंग करणारा योक वाकडे लावून मोकळा झाला, तर बॅलन्सिंग करूनही थरथर जात नाही. म्हणून तिथे आपण दोघं सोबत जाऊ.

तू ही गाडी स्वतःच्या हातानं बनवतेस याचा मला फार अभिमान आहे.

गिअर ऑइलचे दोन्ही डबे कपाटात आहेत, जीएल-४ गिअरबॉक्सचं, जीएल-५ क्राउनचं, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलमधल्या गिअरचं. गिअरबॉक्सचं आत्ता भरू नको. योक बसवलेला नाही, तेल मागून सगळं जमिनीवर येईल.

तुझे बाबा