रुई कोस्टाची जागा गेली, दहा नंबर नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या क्रीडा पानावर पोर्तुगालच्या ‘सोनेरी पिढी’वर लेख आला होता. फिगोला चार परिच्छेद मिळाले. रोनाल्डो त्या पिढीतला नाही, तरी त्याला दोन मिळाले. रुई कोस्टाच्या वाट्याला एकच वाक्य आलं: डेको आल्यावर संघाबाहेर गेलेला आणि मिलानमधून निवृत्त झालेला मिडफिल्डर. एका वाक्यात दोन चुका. तेवढ्यासाठी पोस्टकार्ड पुरलं असतं, पण विषय निघालाच आहे तर सविस्तर लिहितो. छापताना कात्री लावायची असेल तर बर्लिनच्या मॅचला लावू नका, ही विनंती.

मी जर्सी छापतो. शिवाजी पेठेत लहानसं दुकान आहे. फुटबॉलचा हंगाम तोंडावर आला की तालमींची आणि मंडळांची पोरं यादी घेऊन येतात. पूर्वी कापडाचे आकडे कापून शिवत होतो, आता डॉटनिटच्या कापडावर सगळं मशीनवर छापून निघतं. बाकी यादी पाच मिनिटांत उरकते. दहा नंबरापाशी अडते, कारण तो संघाचा खेळ रचणाऱ्याचा मानाचा आकडा. त्यावरून माझ्या काउंटरसमोर अबोला धरलेले सख्खे चुलतभाऊ मी बघितलेत. त्यामुळे कुठलीही मॅच बघताना माझं पहिलं लक्ष पाठीकडे जातं. रुई कोस्टाची अख्खी कारकीर्द मी अशी पाठीवरच्या आकड्यावरून बघितली आहे, आणि माझं म्हणणंही त्या आकड्याशीच येऊन थांबतं.

हा पोरगा लिस्बनला लागून असलेल्या दमाइयाचा. लहानपणी लिस्बनच्याच बेनफिका क्लबच्या निवड चाचणीला गेला, तेव्हा बघायला क्लबचा जुना महान खेळाडू, साक्षात युसेबियो होता आणि त्याने काही मिनिटांतच होकार दिला, असं सांगतात. पण म्हणून थेट मोठ्या संघात घेतलं नाही. १९९०-९१ च्या हंगामात त्याला फाफे या लहान क्लबकडे उसना धाडला. तिथे वर्षभर घासला, आणि ३० जून १९९१ ला लिस्बनच्या लुझ स्टेडियमवर सव्वा लाखाच्या आसपास लोकांसमोर युवा विश्वचषकाची फायनल खेळला. समोर ब्राझील. गोलशून्य बरोबरी, मग पेनल्टी. निर्णायक पेनल्टी रुई कोस्टाची, आणि ती आत गेली. वय एकोणीस. ‘सोनेरी पिढी’ हे नाव या पोरांना चिकटलं ते या आणि १९८९ च्या रियाधमधल्या युवा विजेतेपदानंतर, कोच कार्लुश केरोझच्या हाताखाली. आपल्या लेखात हे कुठेच नाही, मग वाचकाला कळणार कसं की सोनेरी कशावरून?

१९९४ ला बेनफिकाने लीग जिंकली आणि त्याच उन्हाळ्यात त्याला इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या फिओरेंतिना क्लबला विकलं. क्लबला पैसा हवा होता. पुढची अकरा वर्षं बेनफिकाला लीग जिंकता आली नाही. २००५ ला जिंकली तेव्हा हा मिलानमध्ये, आणि २००६ ला हा परतला तेव्हा चषक येऊन गेलेला. खेळाडूचं नशीब असंही असतं.

फ्लॉरेन्समधली सात वर्षं माझ्या मते त्याची सगळ्यात देखणी वर्षं. मोजे घोट्यापर्यंत उतरलेले, जर्सी चड्डीच्या बाहेर लोंबणारी, मान वर. चेंडू पायाशी आला की तो खाली बघत नसे. बॅकच्या पाठीमागे मोकळी जागा कुठे होणार आहे ते त्याला आधीच दिसायचं आणि त्या जागेत संघाचा स्ट्रायकर बातिस्तुता धावत सुटलेला असायचा. बातिस्तुताच्या गोलांचे व्हिडिओ पोरं आजही मोबाईलवर बघतात. माझं त्यांना सांगणं असतं, दहा सेकंद मागे घ्या, चेंडू कुणाच्या पायातून निघाला ते बघा. फिओरेंतिनाने १९९६ आणि २००१ ला इटालियन कप जिंकला. दुसऱ्या वेळी बातिस्तुता रोमाला गेलेला होता आणि कॅप्टनचा पट्टा रुई कोस्टाच्या दंडावर होता. कप हातात आला, पण क्लब कर्जात गळ्यापर्यंत बुडालेला. त्याच उन्हाळ्यात त्याला मिलानला विकलं, गोलकीपर तोल्दोला इंटरला. एवढं विकूनही भागलं नाही. २००२ ला क्लब दिवाळखोरीत गेला आणि चौथ्या श्रेणीतून, वेगळ्या नावाने, पुन्हा उभा राहिला.

आता बर्लिन. ६ सप्टेंबर १९९७, विश्वचषकाची पात्रता फेरी, जर्मनीविरुद्ध त्यांच्याच घरात. पोर्तुगालला फ्रान्सला जायचं तर ही मॅच जिंकणं भाग होतं, आणि पेद्रो बार्बोझाच्या गोलने ते १-० ने पुढे होते. कोचने बदली खेळाडू उभा केला. रुई कोस्टाच्या नावाचा फलक लागला, तो बाहेर निघाला. चालत निघाला. आघाडीवर असलेला कुठला खेळाडू बाहेर जाताना पळतो हो? आमच्याकडे तर पायात गोळा आल्याचं नाटक करून लोळतात. फ्रेंच रेफ्री मार्क बाता यांनी वेळकाढूपणा म्हणून पिवळं कार्ड काढलं. एक पिवळं आधीचं होतंच. दोन मिळून लाल. म्हणजे जो माणूस मैदान सोडूनच निघाला होता, त्याला मैदानातून हाकललं, आणि त्याच्या जागी यायला उभा असलेला तसाच बाहेर राहिला. पोर्तुगाल दहा जणांवर आला. थोड्याच वेळात जर्मनीच्या किर्स्टनने बरोबरी साधली. गट संपला तेव्हा दुसऱ्या जागेवरच्या युक्रेनचे २० गुण आणि पोर्तुगालचे १९. विजयाचे तीन गुण मिळाले असते तर २१ झाले असते. बेरीज आपणच करा. १९९८ चा विश्वचषक ही पिढी ऐन पंचविशीत असताना आला आणि त्यांनी तो घरी बसून बघितला. माझ्या माहितीप्रमाणे अख्ख्या कारकिर्दीत रुई कोस्टाला मिळालेलं ते एकमेव लाल कार्ड. त्याला विश्वचषक खेळायला मिळाला तो थेट २००२ ला, तोही दुखापतीने बेजार असताना. पोलंडविरुद्ध बदली म्हणून येऊन एक गोल केला आणि पोर्तुगाल गटातच गारद झाला. ‘मोठ्या स्पर्धांत या पिढीने कच खाल्ली’ असं आपले लेखक लिहितात, त्याआधी त्यांनी बर्लिनची ती शेवटची वीस मिनिटं बघावीत.

मिलानमध्ये त्याने २००३ ला चॅम्पियन्स लीग जिंकली, पुढच्या वर्षी इटालियन लीगही. पण त्याच्या जागेची खरी गोष्ट इथेच सुरू होते. २००३ च्या उन्हाळ्यात ब्राझीलहून काका नावाचा खेळाडू आला. वय एकवीस, आणि रुई कोस्टाचीच जागा खेळणारा. काही आठवड्यांत संघ काकाभोवती फिरायला लागला आणि रुई कोस्टा बाकावर गेला. पाठीवरचे आकडे बघा. काकाच्या पाठीवर २२. दहा नंबर रुई कोस्टाकडेच होता आणि तो २००६ ला मिलान सोडेपर्यंत त्याच्याकडेच राहिला. ज्या ऑगस्टमध्ये काका आला, त्याच महिन्यात मोनॅकोला युरोपच्या सुपर कपची फायनल झाली, कोच मोरिन्योच्या पोर्टो या पोर्तुगीज क्लबविरुद्ध. मॅचचा एकमेव गोल मिलानच्या शेवचेन्कोने डोक्याने केला, क्रॉस रुई कोस्टाचा. पोर्टोच्या मिडफिल्डमध्ये त्या रात्री डेको होता.

डेको जन्माने ब्राझीलचा. पोर्तुगालचं नागरिकत्व घेऊन २९ मार्च २००३ ला तो पहिल्यांदा पोर्तुगालकडून खेळला, तेही ब्राझीलविरुद्धच, आणि फ्री किकवर विजयी गोल मारून मोकळा झाला. त्या दिवशी रुई कोस्टाला एकतीस वर्षं पूर्ण झाली होती. बाहेरचा माणूस घेतला म्हणून फिगोने नाराजी उघड बोलून दाखवली होती. आमच्याकडेही परदेशी खेळाडू आणल्यावर पेठेत काय काय बोललं जातं ते आपल्या वार्ताहराला विचारा.

मग २००४ चा युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, पोर्तुगालच्याच भूमीवर. सलामीला ग्रीसकडून हार. स्कोलारी या ब्राझिलियन कोचने पुढच्या मॅचला चार बदल केले, त्यात रुई कोस्टा बाहेर आणि डेको आत. आपले लेखक इथे पूर्णविराम देतात. पण रशियाविरुद्ध तो बदली म्हणून आला आणि ८९ व्या मिनिटाला रोनाल्डोच्या पासवर गोल करून गेला. नंतर २४ जूनला इंग्लंडविरुद्ध क्वार्टर फायनल. आपल्याकडे मॅच मध्यरात्रीनंतर सव्वाबाराला सुरू झाली आणि निकाल लागेस्तोवर तीन वाजले. रुई कोस्टाला ७९ व्या मिनिटाला आत पाठवलं, राइट बॅक मिगेलच्या जागी. मग राइट बॅकला कोण? डेको. ज्याने जागा घेतली होती, तो निमूट मागे जाऊन बॅक खेळायला लागला आणि मधली जागा जुन्या मालकाला मोकळी झाली. दहा नंबर मध्ये, वीस नंबर उजव्या कोपऱ्यात. इंग्लंड पुढे होतं, पोर्तुगालच्या पोस्टिगाने बरोबरी करून दिली. जादा वेळेत, ११० व्या मिनिटाला, रुई कोस्टा चेंडू घेऊन निघाला. फिल नेव्हिलला त्याने खांद्याने मागे टाकलं आणि पेनल्टी क्षेत्राच्या बाहेरून उजव्या पायाने असा फटका मारला, की चेंडू चढत चढत गेला आणि क्रॉसबारला आतून लागून जाळीत पडला. बत्तीस वर्षांचा बदली खेळाडू! समोरच्या घरातला दिवा लागला, कारण मी ओरडलो होतो.

इंग्लंडच्या लॅम्पार्डने बरोबरी केली, पेनल्ट्या आल्या, आणि रुई कोस्टाने त्याची पेनल्टी बारवरून उडवली. गोलकीपर रिकार्डोने हातमोजे काढून व्हॅसेलची अडवली, मग स्वतःच मारली, म्हणून निभावलं. फायनलला पुन्हा ग्रीस, पुन्हा हार, आणि पुन्हा रुई कोस्टा तासाभराने आत आलेला. पोर्तुगालसाठी ती त्याची शेवटची मॅच. स्पर्धेनंतर थांबणार हे त्याने आधीच सांगितलं होतं. म्हणजे ‘संघाबाहेर’ गेलेला माणूस शेवटच्या शिट्टीला मैदानात होता, अंगात दहा नंबरच. डेको पुढेही वीस नंबर घालूनच खेळला.

दुसरी चूक. मिलानबरोबरच्या कराराचं एक वर्ष बाकी असताना, चांगल्या पगारावर पाणी सोडून तो २००६ ला बेनफिकाला परतला. दोन हंगाम खेळला, दुखापती झाल्या, चषक एकही नाही. ११ मे २००८ ला लुझवर सेतुबलविरुद्ध शेवटची मॅच खेळून त्याने बूट काढले आणि लगेच त्याच क्लबमध्ये फुटबॉलचा कारभार हाती घेतला. सुरुवातीलाच आणलेल्या खेळाडूंत होता अर्जेंटिनाचा पाब्लो आयमार. त्याला कुठला नंबर दिला असेल, ते माझ्या दुकानात येणारं दहावीतलं पोरगंही सांगेल.

२०२१ ला आधीच्या अध्यक्षांना अटक झाली तेव्हा तो हंगामी अध्यक्ष झाला, मग सभासदांनी निवडून दिला, आणि २०२५ ला दुसऱ्या फेरीपर्यंत ताणलेल्या निवडणुकीत पुन्हा निवडून आला. बेनफिका सभासदांच्या मालकीचा क्लब. तिथली निवडणूक आपल्या साखर कारखान्याच्या निवडणुकीपेक्षा कमी तापत नाही. अध्यक्ष म्हणून त्याने २०२३ ला लीग जिंकून दाखवली, पण चांगले खेळाडू विकतो म्हणून सभासदांच्या शिव्याही खाल्ल्या. मला त्यात फार रस नाही. खुर्चीवरच्या माणसाच्या पाठीला नंबर नसतो.

आपल्याकडून दोनच गोष्टी हव्यात. एक, दुरुस्ती छापावी. दोन, स्थानिक मॅचच्या बातमीत गोल करणाऱ्याचा फोटो येतो, तसा कधीतरी पास देणाऱ्याचाही टाकावा. ही पोरं ते कात्रण पाकिटात घालून फिरतात, मी बघितलं आहे. लेखाखालच्या चौकटीत रुई कोस्टाच्या नावापुढे ९४ सामने आणि २६ गोल छापलं आहे, ते मात्र बरोबर आहे. दुरुस्तीच्या गडबडीत त्याला हात लावू नका.

आपला नियमित वाचक,
एक जर्सीवाला
शिवाजी पेठ, कोल्हापूर