अखेर ती दारात आली, तुमच्यामुळे

गाडी दारात उभी आहे आणि मी अजूनही मधूनच उठून खिडकीतून बघून येतो. माझदा एमएक्स-५, कापडी टप उघडता येणारी दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार; पहिल्या पिढीची, १.६ लिटर इंजिनाची. १९८९ साली आलेलं हे मॉडेल. लावले की वर येणारे आणि बंद केले की बॉनेटमध्ये दडणारे ते हेडलाइट शाळेत असल्यापासून माझ्या मनात होते.

जुनी गाडी निवडताना आपल्या या गाडीप्रेमींच्या गटातल्या ज्यांनी मला सांभाळून घेतलं, त्या सगळ्यांचे मनापासून आभार. रंगाला भुलू नका, आधी मागच्या चाकांपुढचा पत्रा खालून चाचपा, असं तुम्ही बजावलंत. कापडी टपावरचं पावसाचं पाणी सीटमागच्या नळ्यांतून खाली जातं; त्या पाचोळ्याने तुंबल्या की पाणी आत मुरतं आणि दारांखालचा पत्रा आतून गंजतो. मला आवडलेली पहिली गाडी नेमकी तशीच निघाली. ती सोडताना फार वाईट वाटलं, पण तुमचंच बरोबर होतं.

दुसऱ्या गाडीच्या वेळी सुट्टी मोडून सोबत आलेले, गाडीखाली आडवे होऊन टॉर्चने तपासणारे दादा, आणि टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या झडपांची वेळ सांभाळणारा पट्टा) बदलल्याची पावती मागायलाच लावणाऱ्या ताई, तुमचे उपकार कसे फेडू?

रविवारी तुमच्या सगळ्यांच्या रांगेत पहिल्यांदा टप उघडून गाडी चालवली. घाटात पुढच्या गाडीने वळणाआधी हात बाहेर काढून 'सावकाश' अशी खूण केली. ते कोण होतं, मला अजून माहीत नाही. तुम्हालाही धन्यवाद.