डोकी मोजायची की गावं?

इकालुइत, नुनावुत

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "तिकडे उपचार फुकट, सरकारकडे पैसाही आहे, मग गावात डॉक्टर का नाही?" तेव्हा घाईत नीट सांगता आलं नाही. सगळं हिशेबात अडकलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

नुनावुत हा कॅनडाच्या उत्तरेचा प्रदेश महाराष्ट्राच्या सहापटीहून मोठा आहे. लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेत ३६,८५८. मेळघाटात तुम्ही ज्या निकषावर काम केलंत, आदिवासी भागात वीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तो इथे लावला तर अख्ख्या नुनावुतला दोन केंद्रं पुरतील. पण वस्त्या आहेत पंचवीस, आणि त्यांना जोडणारा एकही रस्ता नाही. रुग्ण हलवायचा तर विमानानेच. धावपट्ट्याही बहुतेक खडीच्या. अगदी उत्तरेच्या ग्रीस फियोर्डमध्ये दीडशेच्या आत माणसं आहेत. तरी तिथे केंद्र लागतंच, रात्री दार वाजलं की उठणारी नर्स लागते, तिला राहायला घर लागतं, औषधाचा साठा लागतो. रुग्ण दिवसाला चार येवोत की चाळीस, दिवा तेवढाच जळतो. वीजसुद्धा प्रत्येक गावाची वेगळी, डिझेल जाळून केलेली.

आता पैसा कुठून येतो ते बघा. १९८४ च्या कॅनडा हेल्थ ॲक्टप्रमाणे डॉक्टर आणि रुग्णालयाचा खर्च सरकारी विम्यातून होतो. त्यासाठी केंद्र सरकारकडून प्रांतांना मिळणारी रक्कम दरडोई ठरते. छत्तीस हजार डोक्यांचे पैसे पंचवीस गावांना कसे पुरणार? म्हणून उत्तरेच्या तीन प्रदेशांना केंद्र सरकार वेगळं मोठं अनुदान देतं: गरजेचा खर्च आणि स्वतःचं संभाव्य उत्पन्न यांतली तूट भरून काढणारं. नुनावुतचा गाडा बहुतांशी त्यावरच चालतो. तिसरा खिसा इनुइट (आर्क्टिकचे मूळ रहिवासी) आणि फर्स्ट नेशन्सच्या (कॅनडातल्या इतर आदिवासी समाजांच्या) लोकांसाठी: औषधं, दात, चष्मा आणि उपचारासाठीचा प्रवास, म्हणजे विम्यात न बसणाऱ्या गोष्टी.

खिसे तीन असले की कागद फिरत राहतो. मॅनिटोबातल्या नॉर्वे हाउसच्या जॉर्डन रिव्हर अँडरसन या मुलाला रुग्णालयातून सोडायला डॉक्टर तयार होते, पण घरच्या शुश्रूषेचा खर्च केंद्राने करायचा की प्रांताने, यावर दोन वर्षांहून अधिक काळ वाद चालला. २००५ साली तो पाचव्या वर्षी रुग्णालयातच वारला. घर त्याने पाहिलंच नाही. त्यानंतर २००७ मध्ये संसदेने अशा मुलांसाठी तत्त्व मान्य केलं की ज्या सरकारकडे आधी मागणी येईल त्याने आधी खर्च करायचा, वाटणीचं भांडण मागाहून. माझ्या मते मोठ्या माणसांच्या प्रवासालाही हाच नियम हवा.

सगळ्यात जास्त मला खटकतं ते हे की पैसा विमानात जातो. बॅफिन बेटाकडचा रुग्ण इकालुइतला आणि तिथे भागलं नाही तर दोन हजार किलोमीटरवर ऑटावाला, नुनावुतच्याच किवालिक भागातला विनिपेगला, किटिकमेओट भागातला यलोनाइफ किंवा एडमंटनला. सोबतचं माणूस, वसतिगृह, जेवण, टॅक्सी आणि वादळामुळे वाढलेले मुक्कामाचे दिवस. हा सगळा खर्च आरोग्याच्या खात्यावर पडतो, पण त्यातलं गावात मागे काही राहत नाही.

एक साधा हिशेब दाखवते. केंद्रात निमोनियाचा रुग्ण आहे, मिनिटाला दहा लिटर ऑक्सिजन लागतोय. ई आकाराचा सिलिंडर, काट्यावर दाब २,००० पीएसआय (दाबाचं एकक). त्यातले २०० राखीव ठेवायचे, उरलेल्या १,८०० ला ०.२८ ने (या आकाराच्या सिलिंडरचा ठरलेला गुणक) गुणायचं, येतात ५०४ लिटर. म्हणजे जेमतेम पन्नास मिनिटं. धुक्यामुळे विमान सहा तास लांबलं तर ३,६०० लिटर, म्हणजे सातहून अधिक सिलिंडर लागतात. म्हणून पाच-पाच लिटरचे दोन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारी, विजेवरची यंत्रं) वाय आकाराच्या नळीने जोडून ठेवतात आणि सिलिंडर वीज गेल्यावर व धावपट्टीपर्यंत नेताना वापरायला राखून ठेवतात. चूक कुठे होते? दाब वाचला जातो, पण वेळ काढून फळ्यावर लिहिली जात नाही. पाळी बदलली की नव्या नर्सला काटा दिसतो, उरलेली मिनिटं दिसत नाहीत.

आई, तुला लसीचं ऐकून नवल वाटेल. आपल्याकडे सगळी धडपड लस तापू नये म्हणून. इथे ती गोठू नये म्हणून. हिपॅटायटिस बी किंवा धनुर्वाताची लस एकदा गोठली की तिच्यातल्या ॲल्युमिनियमच्या क्षाराचे कण एकत्र येतात आणि लस निकामी होते. वितळल्यावर मात्र कुपी वरवर चांगली दिसू शकते. तू आईसपॅक बाहेर ठेवून आतलं पाणी हलवल्यावर वाजेपर्यंत थांबायचीस, मगच कॅरिअरमध्ये भरायचीस. इथे बर्फ घालायचाच नाही; दोन ते आठ अंशांत ठेवलेले जेलपॅक, आत तापमान नोंदवणारं यंत्र, आणि डबा विमानाच्या गरम भागात. बिघडतं ते मधल्या थांब्यावर, सामान बदलताना डबा उणे पस्तीसमध्ये बाहेर राहिला की. तुझी शेक टेस्ट इथल्या मुलींना मी सांगितली: मुद्दाम गोठवून वितळवलेली कुपी आणि संशयित कुपी एकत्र हलवायच्या, शेजारी ठेवायच्या, अर्ध्या तासात कोणाचा गाळ आधी बसतो ते बघायचं. नियम मात्र कडक आहे. यंत्राने गोठल्याची नोंद दाखवली की तो साठा बाजूला काढून ठेवायचा, कळवायचं आणि उत्तर येईपर्यंत टोचायचा नाही.

माणसं टिकत नाहीत, हे तर मोठंच दुखणं. नर्स काही आठवड्यांसाठी येते, जाते, दुसरी येते. पगारापेक्षा घराचा प्रश्न मोठा आहे. उत्तर ऑन्टारिओ आणि मॅनिटोबातल्या फर्स्ट नेशन्सच्या केंद्रांची केंद्रीय महालेखापरीक्षकांनी तपासणी केली, त्याचा २०१५ चा अहवाल बाबांनी जरूर वाचावा. तपासलेल्या ४५ नर्सांपैकी पाचही सक्तीची प्रशिक्षणं पूर्ण केलेली निघाली एक. आणि एका ठिकाणी कर्मचारी निवासाची मैलाटाकी दोन वर्षांहून जास्त दुरुस्त झाली नाही, म्हणून तज्ज्ञांनी भेटी रद्द केल्या. टाकीची दुरुस्ती बांधकामाच्या खात्यावर आणि तज्ज्ञाची भेट आरोग्याच्या खात्यावर असली की असंच होतं.

क्षयरोगात तर हे जिवावर बेततं. १९५६ च्या सुमारास दर सात इनुइट माणसांमागे एक जण दक्षिणेतल्या क्षयरोग रुग्णालयात होता. जहाजाने नेलेले काही परत आलेच नाहीत, घरच्यांना थडगंही कळलं नाही. त्यामुळे "तपासायला या" म्हटलं की म्हातारी माणसं आजही बिचकतात. २०३० पर्यंत इनुइट भूमीतून क्षयरोग घालवायचं २०१८ साली ठरलं आहे. सुप्त संसर्गाला (जंतू अंगात, पण आजार नाही) नऊ महिने रोज आयसोनियाझिड घेण्याऐवजी आता आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन आठवड्यातून एकदा, बारा डोस, असा उपाय आहे. पण बारा वेळा समोर बसून गोळी गिळवणार कोण? सहा आठवड्यांची नर्स सहाव्या डोसला निघून जाते. इनुक्टिटुट ही इनुइटांची भाषा बोलणारी, त्याच गावची बाई बाराव्यालाही तिथेच असते.

अलास्काने हे फार आधी ओळखलं. तिथे क्षयाच्या गोळ्या देणाऱ्या गावकऱ्यांपासून सुरुवात झाली, १९६८ पासून अमेरिकेच्या केंद्र सरकारचा पैसा मिळू लागला, आणि आज दीडशेहून जास्त गावांत स्थानिक आरोग्य सहायक आहेत. तीन-चार आठवड्यांची चार प्रशिक्षणं, मध्ये गावात प्रत्यक्ष काम, हातात पायरी-पायरीचं पुस्तक आणि फोनवर डॉक्टर. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी आरोग्यदूत घडवले, त्याच वाटेवरचं हे काम. नुनावुतचं अनुदान मागताना मी पहिली ओळ याच पदांची लिहीन: दर गावाला दोन माणसं, कायम, लोकसंख्या कितीही असो.

आई, बाळंतपणाचं तू विचारलं होतंस. बहुतेक गावांतून बाईला छत्तिसाव्या-अडतिसाव्या आठवड्याच्या दरम्यान विमानाने पाठवतात, घरची मुलं मागे सोडून. गावात ना शस्त्रक्रियेची सोय, ना रक्तपेढी; रक्तस्राव सुरू झाला आणि वादळ असलं तर हातात काही उरत नाही. सोबतीच्या माणसाचा खर्च २०१७ पासून सर्व गरोदर बायकांना मिळू लागला, तोवर कितीतरी जणी एकट्याच गेल्या. पण क्युबेकच्या उत्तरेला पुविरनितुकमध्ये १९८६ पासून गावातच बाळंतपणं होतात. तिथल्याच बायकांना सुईणीचं शिक्षण दिलं. प्रत्येकीची केस समिती बसून पाहते आणि जोखमीची तेवढी दक्षिणेला पाठवते.

म्हणून एक काम आहे. तू दाईंच्या प्रशिक्षणाला वापरायचीस ते चित्रांचे तक्ते माळ्यावरच्या पेटीत असतील. बाबांना शिडी चढू देऊ नकोस, शेजारच्या कोणाकडून तरी काढून घे आणि पानापानाचे फोटो पाठव. धोक्याच्या लक्षणांचा तक्ता आधी. अक्षरं मराठी असली तरी चालतील, इथे चित्रांखाली इनुक्टिटुट लिहून घेईन.

तुमची,
मोठी