विषय : सर्किट डायग्राममधील आकडे वाचता येत नसल्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

महोदय,

आपल्या इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाला मी पूर्ण शुल्क भरून प्रवेश घेतला आहे. शिक्षकांविषयी माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती धड्यांसोबत दिलेल्या सर्किट डायग्रामची. पॉवर सप्लायच्या आकृतीत ४.७ के आणि ४७ के (के म्हणजे किलो-ओहम) असे दोन रेझिस्टर, म्हणजे विद्युतप्रवाहाला रोध करणारे सुटे भाग, आहेत, परंतु दशांशाचा ठिपका अक्षरांभोवतीच्या करड्या डागांत विरून गेल्याने दोन्ही आकडे सारखेच दिसतात, आणि आकृती मोठी केली की डागच तेवढे मोठे होतात. (ठिपका हरवू नये म्हणून ४के७ असे लिहिण्याची पद्धत या क्षेत्रात रूढ आहे, तीही पाळलेली नाही.) दहापट फरकाचा रेझिस्टर बसवून दुरुस्ती कशी शिकायची?

यावर आपल्या साहाय्य कक्षाने इंटरनेटचा वेग तपासण्यास सांगितले. इंटरनेट मंद असेल तर चित्र उशिरा उघडेल, पण मी उतरवून घेतलेल्या फाइलमध्येही ठिपका नाही. ती फाइल जेपेग या चित्र साठवण्याच्या प्रकारातली आहे आणि खरे कारण तेच आहे. जेपेगमध्ये चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून त्यांतला बारीक तपशील गाळला जातो. छायाचित्रात ते डोळ्यांना सहसा जाणवत नाही, मात्र पांढऱ्यावरच्या काळ्या रेषेभोवती लगेच दिसते. रंगांचा तपशील बहुधा त्याहूनही कमी ठेवला जात असल्याने लाल आणि निळ्या तारांच्या कडा फिसकटतात. पीएनजी या दुसऱ्या चित्रप्रकारात असे काहीच गाळले जात नाही, शिवाय मोजक्या रंगांच्या रेखाकृतीची पीएनजी फाइल पुष्कळदा जेपेगपेक्षा लहान होते, तेव्हा जागेची सबब टिकणार नाही. एसव्हीजी दिल्यास आणखी उत्तम, कारण त्यात पिक्सेलऐवजी रेषांचे वर्णनच साठवलेले असते आणि कितीही मोठी केली तरी रेषा सुबकच राहते. प्रत्यक्ष बोर्डाची छायाचित्रे खुशाल जेपेगमध्येच असू द्यावीत.

सर्व आकृत्या मूळ रेखाटनांवरून नव्याने तयार करून १५ दिवसांत उपलब्ध करून द्याव्यात, अथवा शुल्क परत करावे, ही विनंती. असलेल्या जेपेग फाइली नुसत्या पीएनजीत बदलून दिलेल्या मला चालणार नाहीत; एकदा गाळलेला तपशील त्याने परत येत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार या पत्राची पोच ४८ तासांत मिळावी. अन्यथा मला जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल.

आपला,
एक विद्यार्थी-ग्राहक

सोबत : पॉवर सप्लायच्या आकृतीची उतरवून घेतलेली फाइल व शुल्काची पावती