‘मेले’ म्हणजे नेमके कशावर उगवले नाहीत?

संपादक महोदय,
स.न.

‘९९.९ टक्के जंतू मारते’ अशा जंतुनाशकांच्या दाव्यांवरचा आपल्या अंकातील लेख वाचला. जाहिरातदारांची झाडाझडती छान घेतली आहे, पण ती आकडेवारी जंतू वाढवण्याच्या ज्या काचेच्या ताटलीतून (प्लेटमधून) येते तिच्याकडे लेखकाचे लक्ष गेलेले दिसत नाही. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत उमेदीची वर्षे प्लेटवरच्या कॉलन्या, म्हणजे जीवाणू वाढून झालेले डोळ्यांना दिसणारे ठिपके, मोजण्यात गेली, म्हणून हा पत्रप्रपंच.

जीवाणू मेला, असे आम्ही म्हणतो तेव्हा खरे तर एवढेच म्हणत असतो, की या माध्यमावर (जीवाणूंच्या खाद्यावर), या तापमानाला, इतक्या तासांत त्याची कॉलनी दिसली नाही. क्लोरीन, फिनॉल किंवा पेरॉक्साइडचा मार खाल्लेल्या पेशींपैकी काही ठार होतात, तर काही नुसत्या जखमी होतात. जखमी पेशीचे आवरण गळके झालेले असते, विकरे बिघडलेली असतात. पुरेसा वेळ आणि योग्य खुराक मिळाला तर ती काही तासांत स्वतःला सावरते. नाही मिळाला, तर आमच्या वहीत तिची नोंद ‘मृत’ अशी होते.

मॅकॉन्की आगर या निवडक माध्यमाचेच पाहा (आगर म्हणजे माध्यम घट्ट करणारा जेलीसारखा पदार्थ). त्यात पित्तक्षार आणि क्रिस्टल व्हायोलेट घालतात ते नको असलेले जीवाणू बाहेर ठेवण्यासाठी. ई. कोलाय हा आतड्यातला रहिवासी, पित्ताची त्याला सवय असते, कारण त्याचे बाह्यपटल पित्तक्षारांना आत शिरू देत नाही. पण क्लोरीनने तेच पटल फाटले, की एरवी निरुपद्रवी असलेले पित्तच त्याच्या जिवावर उठते. समजा, दहा लाख पेशींना रसायन दिले. त्यानंतर साध्या पोषक आगरवर हजार कॉलन्या आल्या आणि मॅकॉन्कीवर दहा. पहिल्या प्लेटवरून ९९.९ टक्के मेले, दुसरीवरून ९९.९९९ टक्के. रसायन एकच, बाटलीही एकच! ज्याला आपला माल खपवायचा आहे तो कोणती प्लेट पुढे करील, हे सांगायला नको.

हा घोळ नवा नाही. जीवाणूशास्त्राचे जनक मानले जाणारे रॉबर्ट कोख यांनी १८८१ मध्ये रेशमी धाग्यांवर वाळवलेले अँथ्रॅक्सच्या जीवाणूचे बीजाणू (त्याची टणक, सुप्त रूपे) मर्क्युरिक क्लोराइड या पाऱ्याच्या संयुगात बुडवले आणि ते रसायन अत्यंत प्रभावी ठरवले. १८८९ मध्ये गेपर्ट यांनी त्यातली गोम दाखवली. धाग्यासोबत पारा माध्यमात येत होता आणि वाढ तिथेच दडपत होता. अमोनियम सल्फाइडने पारा निष्प्रभ केल्यावर ‘मेलेले’ बीजाणू उगवू लागले. कोखसारखा माणूस फसतो, तिथे आमच्यासारख्यांची काय कथा! आज क्लोरीनयुक्त पाण्याच्या नमुन्याच्या बाटलीत सोडियम थायोसल्फेट आधीच घातलेले असते, क्वाटर्नरी अमोनियम या जंतुनाशकांसाठी लेसिथिन आणि पॉलिसॉर्बेट वापरतात, ते याच कारणाने: उरलेले जंतुनाशक निष्प्रभ करणारे हे निष्प्रभावक. तरीही निष्प्रभावकाचे नावसुद्धा नसलेले अहवाल मी पाहिले आहेत.

आता ‘मग भरपूर सकस माध्यम द्या’ असे कुणी म्हणेल, तर तेही सरसकट खरे नाही. भाजून निघालेल्याला पंगतीला बसवण्यासारखे होते ते कधीकधी. श्वसन करणाऱ्या पेशीत पेरॉक्साइड तयार होतच असते. निरोगी पेशी कॅटॅलेज या विकराने त्याचा निकाल लावते, पण जखमीचे कॅटॅलेजच निकामी झालेले असू शकते. माध्यमात पेरॉक्साइड नष्ट करणारे थोडे सोडियम पायरुव्हेट किंवा कॅटॅलेज घातले, तर अशा पेशी उभ्या राहतात. मौज म्हणजे माध्यमही स्वतः पेरॉक्साइड बनवते. उजेडात पडून राहिलेल्या प्लेट्समध्ये ते होते, आणि आगर व फॉस्फेट एकत्र ऑटोक्लेव्ह केल्यानेही (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केल्यानेही) होते, असे २०१४ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले. आम्ही वर्षानुवर्षे दोन्ही एकाच फ्लास्कमध्ये शिजवत आलो!

उपाय आहेत. क्लोरीनने जखमी झालेल्या कोलिफॉर्मसाठी (ई. कोलायच्या गटातल्या जीवाणूंसाठी) १९८३ मध्ये एम-टी-७ आगर तयार झाले. पिण्याच्या पाण्यातील जीवाणूंसाठी १९८५ मधले आर-टू-ए आहे. त्यात पोषकद्रव्ये मुद्दाम कमी ठेवली आहेत आणि कमी तापमानाला प्लेट कित्येक दिवस ठेवायची असते. नुसत्या कामचलाऊ प्रयोगशाळेलाही जमेल असा मार्ग म्हणजे आधी साध्या आगरवर दोनेक तास विसावा द्यायचा आणि मग वरून निवडक माध्यमाचा थर ओतायचा. अडचण वेळेची असते. अहवाल उद्या सकाळी हवा असतो, जीवाणूला मात्र आठवडा लागतो.

म्हणून विनंती एवढीच, की यापुढे अशा दाव्यांची बातमी छापताना टक्केवारीशेजारी माध्यमाचे आणि निष्प्रभावकाचे नाव, तापमान व तास छापावेत. कंपनीने ते दिले नाही, तर ‘माहिती दिली नाही’ असे छापावे.

आपला,
एक निवृत्त सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ