१ मिलिमीटर इथं, अर्धा मीटर तिथं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत न्यूझीलंडमधल्या शिकारीवर लेख आला आणि पुढच्याच आठवड्यात त्यावर एका वाचकाचं पत्र छापून आलं. त्यांचं म्हणणं असं, की आमच्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्निल कुसाळे कशाचाही टेकू न घेता पॅरिस ऑलिंपिकहून पदक घेऊन येतो, आणि न्यूझीलंडची मंडळी ट्रायपॉडवर रायफल ठेवून जनावर मारतात. यात कसली मर्दुमकी? मीही कोल्हापूरचाच. उद्यमनगरात लेथवर हात बसला, आता न्यूझीलंडमधल्या टिमारूत मशीन शॉपमध्ये नोकरी आणि हिवाळ्यात डोंगर. स्वप्निलचं पदक आलं त्या २०२४ च्या १ ऑगस्टला आमच्याही घरी पेढे वाटले गेले. तेव्हा उत्तर द्यायचा थोडा हक्क मला आहे असं समजतो.

५० मीटर रायफलच्या लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. तिथं नियमच असा, की रायफल कशावरही टेकवायची नाही. गुडघ्यावर आणि पालथं पडून मारताना दंडाला पट्टा चालतो, उभ्यानं तोही नाही. अंगात ताठ जाकीट, हातात खेळासाठीच घडवलेली वजनदार रायफल, आणि मागं आयुष्यभराचा सराव. एवढं सगळं करून नेम चुकलाच, तर दहाऐवजी नऊ मिळतात. डोंगरात नेम चुकला तर गोळी जनावराच्या जबड्यात नाहीतर पोटात बसते. ते कडा ओलांडून पलीकडच्या घळीत उतरतं आणि तिथं सावकाश मरतं. एक खेळ आहे, दुसऱ्यात जीव जातो. दोन्हींना एकच माप कसं लावायचं?

इथली शिकार मुळात का चालते, हेही त्या पत्रात सुटलं. वटवाघळं सोडली तर या देशात जमिनीवरचा मूळचा सस्तन प्राणीच नव्हता. हरणं, डुकरं, शेळ्या, सगळं बाहेरून आणून सोडलेलं. आपल्या हिमालयातला थार नावाचा रानबोकडासारखा प्राणीसुद्धा. इंग्लंडमधल्या ड्यूक ऑफ बेडफर्डच्या कळपातले थार १९०४ साली माउंट कुकजवळ सोडले. हिमालयात हाच प्राणी आता कमी होत चाललाय. इथं तो इतका वाढला, की डोंगरावरचं गवत आणि माउंट कुकची ती पांढरी मोठी फुलं तो मुळासकट संपवतो. १९९३ च्या सरकारी आराखड्यात थारांची कमाल संख्या १०,००० ठरवलेली आहे, आणि ती राखायला हेलिकॉप्टरातूनही थार मारले जातात. ज्याच्याकडं बंदुकीचा परवाना आहे त्याला सरकारी डोंगरात शिकारीची परवानगी फुकट मिळते. कुणाला हे पटणार नाही. माझ्या बायकोला अजून पटलेलं नाही, मटण मात्र ती उत्तम करते.

आता ट्रायपॉड. इकडं नव्यानं आलेली आपली बरीच पोरं परवाना काढतात आणि मग मला फोन करतात, 'काका, कुठला घेऊ?' त्यांच्यासाठीही हे सविस्तर लिहितो.

पहिली शंका अशी, की पालथं पडून बायपॉडवर, म्हणजे दोन पायांच्या टेकूवर, का मारत नाही? कारण पडायला जागा नसते. डोंगरउतारावर टसॉक गवत गुडघ्याच्या वर येतं, आडवं झालं की दुर्बिणीत नुसतं गवत दिसतं. जिथं गवत नाही तिथं स्पॅनियर्ड नावाचं काटेरी रोप. त्याची पानं सुयांसारखी उभी, पँटमधूनही आत जातात. म्हणून बसूनच मारावं लागतं, आणि बसून मारायला उंचीचा टेकू लागतो. बसल्यावर पुढं पाठपिशवी ठेवून काम भागेल म्हणावं, तर जनावर बहुतेक वेळा समोरच्या धारेवर आपल्याहून वर असतं.

कारखान्यातला माणूस म्हणून मी साधा हिशोब घालतो. खांद्यापासून ट्रायपॉडवर रायफल पकडणाऱ्या क्लॅम्पपर्यंत अंतर साधारण अर्धा मीटर. समजा क्लॅम्पपाशी १ मिलिमीटर प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे. २५० मीटरवर तो अर्धा मीटर होतो. थारची काळीज-फुप्फुसाची जागा जेमतेम जेवणाच्या ताटलीएवढी. म्हणजे १ मिलिमीटर हललं की गोळी जनावराबाहेर, नाहीतर त्याहून वाईट, जनावराच्या नको त्या जागी. दुकानात पोरं आधी वजन बघतात, मग किंमत, मग काळा रंग. हा मिलिमीटर कुणी बघत नाही.

तो बघायची रीत सोपी आहे. पाय पूर्ण उघडून ट्रायपॉड उभा करा, वरचं डोकं दोन्ही हातांनी धरा आणि बरणीचं झाकण फिरवल्यासारखं डावीउजवीकडं पिळा. प्ले असेल तर हाताला लगेच कळतो. मग कुठून येतो ते शोधा. बहुतेक वेळा पाय जिथं माथ्याला जोडलेले असतात तिथल्या पिनेत, नाहीतर सगळ्यात खालच्या बारीक नळीत. नळी जितक्या तुकड्यांची तितकी शेवटची बारीक. चार तुकड्यांचा ट्रायपॉड घडी करून पिशवीत छान बसतो, पण मी तीन तुकड्यांचाच घेतो. मधला वर सरकणारा खांब असेल तर तो काढून घरी ठेवा. कॅमेऱ्याला एक वेळ चालतो. रायफलला तीन पायांचा आधार सोडून एका काठीवर चढवण्यात काय अर्थ?

कार्बन फायबर की ॲल्युमिनियम? पैसे असतील तर कार्बन. हलका तर आहेच, पण खरी गोष्ट अशी, की त्यात कंप लवकर मरतो. दुकानदाराला विचारून रायफलची नाहीतर साधी दुर्बीण वर बसवा, लांबचं धुराडं धरा आणि पायावर टिचकी मारा. चित्र थरथरून कधी शांत होतं ते बघा. आमच्याकडचा नॉर्वेस्टर, म्हणजे वायव्येचा वारा, दिवसभर अशाच टिचक्या मारत असतो.

आता क्लॅम्प, आणि इथं मी थोडा जास्त बोलणार. रायफलच्या लाकडाखाली आर्का पद्धतीची पट्टी लावतात, रुंदी सुमारे ३८ मिलिमीटर, कडा तिरप्या. ती क्लॅम्पमध्ये सरकवायची आणि आवळायची. आवळायला एकतर खटका असतो नाहीतर स्क्रू. खटका झटकन बंद होतो म्हणून सगळ्यांना आवडतो. पण तो एका ठराविक रुंदीला सेट केलेला असतो, आणि एकाची पट्टी दुसऱ्याच्या क्लॅम्पात घातली की केसभर फरक निघतोच. मग खटका एकतर बंद होत नाही, किंवा बंद होऊनही पट्टी आत खुळखुळते. माझ्या ओळखीच्या एकानं पट्टी एका कंपनीची आणि क्लॅम्प दुसरीचा घेतला, दोन्ही महागातले. माझ्या कॅलिपरवर ती पट्टी अरुंद भरली. कंपनीनं उत्तर दिलं, 'आमच्या क्लॅम्पात बरोबर बसते.' स्क्रूचा क्लॅम्प असता तर दोन आटे जास्त फिरवून विषय मिटला असता. रबरी जबड्यांची खोगीर येते, तिच्यात पट्टीशिवाय कुठलीही रायफल धरते. पण ती उंच असते आणि वजन एका बाजूला ओढते. काही असो, धरायचं रायफलच्या तोलाच्या ठिकाणी. इथं जवळजवळ सगळे रायफलच्या नळीला सायलेन्सर लावतात, इकडं तो कायदेशीर आहे, आणि त्याच्या वजनानं तोंड खाली जातं.

बॉल हेड, म्हणजे गोळ्यावर फिरणारं डोकं, घेतलंत तर नेम धरून आवळा, हात काढा आणि दुर्बिणीतून बघत राहा. स्वस्तातला गोळा आवळल्यावरही हळूहळू बसतो आणि फुली जनावराच्या पायापाशी येते.

एवढं सगळं सांगूनही ट्रायपॉडचं पहिलं काम रायफल धरणं नव्हेच. त्यावर आधी दुर्बीण चढवायची आणि तासभर डोंगर बघायचा. रायफलच्या दुर्बिणीतून जनावर शोधणं म्हणजे प्रत्येक हलत्या गोष्टीवर नळी रोखणं, आणि ती हलती गोष्ट माणूसही असू शकते. मार्च-एप्रिलमध्ये हरणांचा माजाचा काळ असतो, डोंगरात गर्दी होते, आणि हरीण समजून माणसावर गोळी घातल्याचे प्रकार या देशात झालेले आहेत. 'कसलीही शंका उरणार नाही इतकं लक्ष्य ओळखा' हा इथल्या बंदूक नियमांतला एक नियम आहे. स्थिर दुर्बिणीशिवाय तो पाळणं अवघड. आणि भरलेली रायफल ट्रायपॉडवर ठेवून डबा खायला बसायचं नाही, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

राधानगरीकडच्या माझ्या मावसभावानं हे सगळं फोनवर ऐकून विचारलं, 'उसात डुकरं येतात, इकडं एक पाठवतोस का?' दादा, नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आपल्याकडं शिकार बंद आहे. पिकाच्या नुकसानीचा विषय वनखात्याकडं न्यायचा, रात्री बंदूक घेऊन शेतात उभं राहायचं नाही. दाजीपूरला गवे आणि पक्षी बघायला मात्र असाच मजबूत ट्रायपॉड खुशाल घे. वरच्या सगळ्या चाचण्या दुर्बिणीलाही लागू आहेत.

किमतीचं सांगायचं तर डोक्यासकट चांगला जोड हजार न्यूझीलंड डॉलरच्या, म्हणजे पन्नासेक हजार रुपयांच्या पुढंच जातो. नव्या पोरांनी जुना बघावा. घेताना सगळ्यात खालची नळी पूर्ण बाहेर ओढा. आमच्या नद्यांत हिमनद्यांनी दळलेल्या दगडाचं पीठ वाहतं, ते नळ्या आवळायच्या पिळाच्या लॉकमध्ये शिरून आटे खातं. नळीवर गोल चरे दिसले आणि लॉक फिरवताना करकर आवाज आला, तर मालकानं तो कधी धुतलेला नाही असं समजा आणि दुसरा बघा. चरे नसतील तर लॉक तिथंच हातानं उघडून बघायला मागा. नको म्हणाला तर पैसे खिशातच ठेवा.

आपला,
एक वाचक
(मूळ कोल्हापूर, सध्या टिमारू, न्यूझीलंड)