आल्टोच्या रांगेतून

प्रिय मैत्रिणीस,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. आमचा कार्यक्रमांचा मोसम सुरू झाला की पत्रंच काय, जेवणाखाण्याचंही भान राहत नाही, त्यामुळे रागावू नकोस. तू विचारलंस, की इतकी वर्षं एकटीने गायला शिकून आता पन्नास जणांच्या घोळक्यात उभी राहतेस, तर तुझा आवाज कुणाला ऐकू तरी येतो का? प्रश्न खोचक होता, पण मुद्द्याचा होता. उत्तर सरळ आहे: नाही. आणि तो येऊ नये यासाठीच तर सगळी मेहनत चाललीय.

आधी निवडीचं सांगते. विद्यापीठात एक मोठा कॉयर, म्हणजे वेगवेगळ्या सुरांत एकत्र गाणारा वृंद आहे, तिथे कुणीही यावं आणि गावं. आमचा छोटा, निवडक. दरवर्षी सगळ्यांची नव्याने ऑडिशन होते, जुन्यांनाही त्यातून सुटका नाही. मला वाटलं होतं, मी बसवून नेलेलं गाणं ऐकतील आणि काय ते ठरवतील. ते तर कॉयर बसवणाऱ्या आमच्या बाईंनी अर्ध्यावरच थांबवलं. मग पियानोवर चार-पाच स्वर वाजवले आणि लगेच गाऊन दाखवायला सांगितले. कधी न पाहिलेलं नोटेशन समोर ठेवून थेट वाचत गायला लावलं. आणि शेवटी सोप्रानो (बायकांचा उंच आवाज), टेनर (पुरुषांचा उंच) आणि बेस (पुरुषांचा खालचा) अशा तीन जुन्या गायकांच्या मध्ये मला उभं करून चौघांचा एक छोटा तुकडा म्हणून घेतला. खरी परीक्षा तीच. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. माझा आवाज कसा आहे ते त्यांना आधीच कळलं होतं. शेजारच्याचं ऐकून मी स्वतःत काय बदल करते, एवढंच त्यांना बघायचं होतं. माझ्यापेक्षा कितीतरी सरस आवाजाच्या एक-दोघी निवडल्या गेल्या नाहीत. तेव्हा मला तो अन्याय वाटला होता. आता वाटत नाही.

बघ ना, ऑपेरात एकट्याने गाणाऱ्याच्या आवाजाला ३००० हर्ट्झच्या आसपास एक धार आलेली असते. ऑर्केस्ट्राचा जोर त्या पट्ट्यात ओसरलेला असतो, म्हणून माइक नसतानाही एक माणूस सगळ्या वाद्यांवरून शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. ती धार कमवायला वर्षं जातात. आणि कॉयरमध्ये पाऊल टाकलं की म्हणतात, ती म्यान करा. कारण पन्नासांत एकच आवाज चमकला, की ऐकणाऱ्याला कॉयर ऐकू येत नाही, एक बाई आणि तिच्या मागची गर्दी ऐकू येते.

पण म्यान करणं म्हणजे नुसतं हळू गाणं नव्हे. स्वीडनमधल्या स्टेन टर्नस्ट्रॉम या संशोधकाने कॉयरमधल्या गायकांवर प्रयोग केले. त्यात दिसलं, की स्वतःचा आवाज बाकीच्यांपेक्षा सरासरी सहा-एक डेसिबलने मोठा कानावर आला तर गाणाऱ्याला बरं वाटतं. म्हणजे स्वतःला ऐकण्याची भूक आपल्या सगळ्यांनाच असते, तुलाही आणि मलाही! दाटीने उभं राहिलं की शेजारणीचा आवाज अंगावर येतो, आपला हरवतो, मग जो तो नकळत चढवत जातो. आमच्या बाई म्हणूनच दोघींत हातभर जागा सोडायला लावतात. एवढ्या साध्या उपायाने निम्मी आरडाओरड थांबते, आणि तरीही अनेक ठिकाणी कॉयरला जत्रेसारखं खेटून उभं करतात, याचं मला नवल वाटतं.

मी आल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजांत आहे. चाल बहुतेक वेळा सोप्रानोंकडे असते आणि त्या ती मिरवतात. बेस तळ धरून बसतात. टेनर सगळीकडेच कमी असतात, म्हणून त्यांचे लाड. आम्ही मधल्या, पानभर दोन-तीन स्वरांतच घुटमळत असतो. घरी एकटीने आल्टोचा पार्ट घोकत बसलं, तर ऐकणाऱ्याला वाटेल हिला गाणं येतच नाही. पण स्वरमेळातला गंधार कितीदा तरी आमच्या वाट्याला येतो, आणि तिथे आपलं जुनं शिक्षण कामी येतं. तानपुरा नीट लागला की त्यातून आपोआप उमटणारा गंधार तुझ्या कानात पक्का आहे. पियानोचा गंधार त्याहून जवळजवळ १४ सेंट चढा असतो. सेंट म्हणजे पियानोवरच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. पियानो बंद झाला, की आम्ही तो गंधार केसभर उतरवतो. तो जागेवर बसला की आवाजातली थरथर एकदम निवते आणि कुणीच न गायलेला एक वरचा स्वर हवेत ऐकू येतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी मागे वळून पाहिलं होतं.

उतरवण्याच्या नादात कधी अख्खा कॉयरच खाली घसरतो, ते वेगळं. वाद्यांशिवाय गाणाऱ्यांचा हा जुना रोग. मोसमाचा पहिला कार्यक्रम सगळा बिनसाथीचा होता. तालमीत एक संथ गाणं संपलं, की बाई खिशातून ट्यूनिंग फोर्क, म्हणजे एकच ठरलेला सूर देणारा चिमटा काढायच्या, गुडघ्यावर आपटून कानाशी धरायच्या, आणि त्यांच्या भुवयांवरूनच आम्हाला निकाल कळायचा.

आता दुसरा कार्यक्रम, जर्मन संगीतकार ब्राह्म्सचं जर्मन रेक्विएम, तेही ऑर्केस्ट्रासोबत. रेक्विएम म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, लॅटिनमध्ये ठरलेले शब्द. ब्राह्म्सने ते बाजूला ठेवले आणि ल्यूथरच्या जर्मन बायबलातून स्वतः वचनं निवडली, मागे राहिलेल्यांच्या सांत्वनाची. त्याची आई १८६५ साली वारली होती. सातही भागांत कॉयर गातो. बॅरिटोन (टेनर आणि बेसच्या मधला पुरुषी आवाज) आणि सोप्रानो हे एकटे गाणारे दोघे मधूनमधून येतात आणि जातात. पहिल्या भागात तर व्हायोलिन्सना वाजवायलाच दिलेलं नाही. खालच्या तारा गडद वाजत असतात आणि त्यातून आम्ही अगदी हळू आत येतो.

तो पहिला शब्द, 'सेलिग' म्हणजे धन्य, आम्ही किती घासला म्हणून सांगू! त्यातल्या 'ए'साठी बाईंनी आमच्या रांगेतल्या प्रत्येकीला एकटीने स्वर लावायला लावला. एकीचा 'ए' पसरट, एकीचा 'अॅ'कडे झुकलेला, एकीचा नाकात. सूर सगळ्यांचे बरोबर, तरी एकत्र केले की गढूळ. जबडा थोडा सोडला, ओठांचे कोपरे आत घेतले, आणि हळूहळू सगळ्यांचा एकच 'ए' झाला. त्यात जवळजवळ सगळी तालीम गेली.

याच रचनेचा एक किस्सा तुला आवडेल. १८६७ च्या डिसेंबरात व्हिएन्नात तिचे पहिले तीन भाग गायले गेले. तिसऱ्याच्या शेवटी कॉयर आणि ऑर्केस्ट्राची मोठी गुंतागुंत चालू असते आणि खाली एकच स्वर अखंड धरलेला असतो. त्या स्वरावर टिंपनी, म्हणजे नगाऱ्यासारखे मोठे ढोल वाजवणाऱ्याने असा काही दणका लावला, की बाकी सगळे बुडाले आणि प्रेक्षकांतून नाराजीचे आवाज उठले. सातही भाग मिळून १८६९ साली लाइपझिगला झाले. आता एकट्याने उठून न दिसण्याबद्दल तू मला चिडवलंस, तर मी तुला त्या टिंपनीवाल्याची आठवण करून देईन.

ऑर्केस्ट्रासोबतची पहिली तालीम नुकतीच झाली. बाईंनी महिनोन् महिने आम्हाला तयार केलं, आणि आता काठी ऑर्केस्ट्राच्या कंडक्टरच्या हातात. बाई मागच्या खुर्चीत बसून पेन्सिलने टिपणं घेत होत्या. त्यांच्या जागी मी असते तर मला ते सोसलं नसतं. आम्ही उभ्या अगदी मागे, वाद्यांच्या पलीकडे. तिथून पुढच्या तारा ऐकून गायला गेलं की हमखास मागे पडतो, कारण वीस मीटर यायला आवाजाला सेकंदाचा सतरावा भाग लागतो आणि आमचा आवाज परत पुढे जाताना तेवढाच. म्हणून कानांवर विसंबायचं नाही, काठीवर नजर ठेवायची. ज्या कानांनी निवड झाली, तेच बंद करायला सांगतात म्हणून सगळेच वैतागले होते.

आणि श्वास! लांब ओळीत सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. शेजारणीने घेतला की आपण धरून ठेवायचं, आपली पाळी आली की स्वराच्या मध्येच गुपचूप घ्यायचा आणि दबकत परत शिरायचं. ओळ तुटतच नाही. तुझ्या-माझ्या एकटीच्या छातीत मावणार नाही एवढा लांब स्वर मी रोज गाते आहे, आणि त्यातला थोडा वेळ तर मी गातही नसते. मला यातलं हेच सगळ्यात जास्त आवडतं.

कार्यक्रम पुढच्या महिन्यात आहे. तू यायचंच, कारणं सांगायची नाहीत. पुढच्या रांगेतलं तिकीट घेऊ नकोस, तिथे नुसती व्हायोलिन्स ऐकू येतात. वरच्या सज्जात मधोमध बस. सगळं मिळून सव्वा तासाच्या आसपास, मध्यंतर नाही. खोकल्याची गोळी लागणार असेल तर कागद आधीच सोडवून ठेव, सुरुवात फार हळू आहे. परीक्षा कार्यक्रमानंतर लगेच आहेत, त्यामुळे मुक्काम जरा लांबव, पण मला अभ्यासाबद्दल विचारू नकोस.

तुझीच,
आल्टोवाली